मार्क परत आला, देमास निघून गेला

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त! आज विश्वासात टिकून राहण्याबद्दल बोलायचंय, आणि त्यासाठी मी कुणी मोठा वीर निवडलेला नाही, निवडलाय तो काम अर्ध्यावर टाकून घरी निघून गेलेला एक मुलगा, योहान मार्क.

मार्क हे नाव शुभवर्तमानामुळे सगळ्यांना माहीत असतं, पण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तो आधी आईच्या घरामुळे भेटतो. १२ व्या अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटतो आणि थेट मरीयेच्या घरी येतो, ती मार्कची आई, आणि एवढ्या रात्री तिथे माणसं जमून प्रार्थना करतायत. दार वाजतं, रुदा नावाची मुलगी पेत्राचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरून आत पळते! मार्क त्या घरातला, म्हणजे प्रेयर मीटिंग बघायला त्याला कुठे बाहेर जावं लागत नव्हतं. आणि तरी पुढच्याच अध्यायात शुभवर्तमान सांगायला निघालेल्या पौल आणि बर्णबाबरोबर मदतनीस म्हणून गेलेला हा मुलगा पिर्गाला पोचल्यावर त्यांना सोडून यरुशलेमला परत येतो.

का आला? कृत्यांचं पुस्तक लिहिणारा लूक त्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. ते काम आपले उपदेशक करतात, कुणी म्हणतं घाबरला, कुणी म्हणतं तब्येत बिघडली, कुणी म्हणतं घरची आठवण आली. मला विचाराल तर लूक गप्प बसला तेच बरं झालं, कारण त्या रिकाम्या जागी आपल्या प्रत्येकाला स्वतःचं कारण ठेवता येतं. आणि आपली कारणं तरी काय मोठी असतात हो? छळ झाला म्हणून सोडलं असं म्हणणारे थोडेच. बहुतेकांचं असं होतं की बाप्तिस्मा झाला, पहिले काही महिने पहाटे उठून वचन, उपवास, साक्ष, सगळं जोरात, मग एका रविवारी जमलं नाही, मग ऑनलाइन बघू म्हटलं, मग ऑनलाइन पण मागे लावून ठेवलं आणि आपण दुसरंच काहीतरी करत बसलो. बायबल रीडिंग प्लॅनचं तर विचारूच नका, उत्पत्ती झपाट्यात, निर्गम बऱ्यापैकी आणि लेवीय आलं की गाडी तिथेच. भांडण नाही, देवावर राग नाही, फक्त धागा सुटलेला असतो आणि तो कधी सुटला हेही सांगता येत नाही.

पुढे १५ व्या अध्यायात पौल आणि बर्णबा परत निघायचं ठरवतात. बर्णबा म्हणतो मार्कला घेऊ, पौल म्हणतो अजिबात नाही. यावरून दोघांची इतकी जुंपते की वाटा वेगळ्या होतात, बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटाकडे आणि पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. आता पौलाला कठोर म्हणायची घाई करू नका. मार्क घरी होता तेव्हा पौलानं लुस्त्रात दगडांचा मार खाल्ला होता, मेला असं समजून लोकांनी त्याला गावाबाहेर ओढत नेलं होतं, आणि तो उठून परत त्याच गावात गेला होता. असा माणूस म्हणणारच की मला अर्ध्यावर सोडणारा जोडीदार नको. पण बर्णबाही चूक नव्हता. आधी विश्वासणाऱ्यांचा छळ करणारा म्हणून यरुशलेमात सगळे पौलाला घाबरून लांब पळत होते तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता, आणि ही गोष्ट त्या भांडणात पौलाला आठवली असेल का हा प्रश्न मला नेहमी पडतो.

यानंतर कृत्यांच्या पुस्तकात मार्क दिसतच नाही. मग बऱ्याच वर्षांनी पौल कैदेतून पत्रं लिहितो आणि फिलेमोनाच्या पत्रात शेवटी सलाम सांगताना आपल्या सहकाऱ्यांची नावं एका ओळीत येतात: मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक. तेव्हा कुणी विचारलं असतं की यातला कोण टिकेल आणि कोण जाईल, तर मागचा रेकॉर्ड बघून सगळ्यांनी मार्ककडेच बोट दाखवलं असतं. आणि २ तीमथ्य ४ उघडा, १० व्या वचनात पौल लिहितो की देमासाला आताच्या जगाची आवड लागली आणि तो मला सोडून थेस्सलनीकेला गेला, आणि लगेच ११ व्या वचनात लिहितो, मार्कला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. सोडून गेलेला मुलगा हवाहवासा झालाय आणि सोबत असलेला माणूस गेलाय, दोन्ही लागोपाठच्या वचनांत!

देमासाबद्दल जरा थांबतो, कारण तो मला फार ओळखीचा वाटतो. त्यानं खोटी शिकवण दिली असं पौल म्हणत नाही, कुठलं मोठं पाप केलं असंही म्हणत नाही. फक्त आवड बदलली. प्रेषिताच्या शेजारी बसून, त्याच्या पत्रात नाव येऊनसुद्धा आवड बदलू शकते, म्हणून मी अमक्या चर्चचा, तमक्या पाळकांच्या जवळचा, माझ्या घरात तीन पिढ्या विश्वासी, यावर फार विसंबून राहू नये असं मला वाटतं.

आणि मधल्या वर्षांत मार्कचं काय झालं? काहीच लिहिलेलं नाही. कुठला मोठा दृष्टांत नाही, मेळाव्यात रडून पुढे आला असं काही नाही. पेत्र त्याला माझा मुलगा म्हणतो एवढं कळतं, म्हणजे कुणीतरी त्याला जवळ ठेवलं होतं. आता गंमत बघा, माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो आणि बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही, आधी पातं, मग कणीस, मग भरलेला दाणा, हा येशूचा दाखला चारही शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कमध्येच आहे, ४ था अध्याय. परंपरा म्हणते हे शुभवर्तमान याच मार्कनं लिहिलं. तसं असेल तर हा दाखला त्याला गाळवला नसणार हे उघड आहे.

नंतरच्या काळातही हेच दिसतं. चांभारकाम करून शिकलेला इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात आला आणि पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा व्हायला १८०० सालचा डिसेंबर उजाडला. १८१२ मध्ये त्याच्या छापखान्याला आग लागून वर्षानुवर्षांची हस्तलिखितं जळली तर परत लिहायला बसला. हे आपण कौतुकानं सांगतो, पण बंगालातल्या सुरुवातीच्या वर्षांतच त्याचा लहान मुलगा गेला आणि बायको डोरोथी मनानं कायमची कोलमडली, हे सांगताना मात्र आपला आवाज बारीक होतो. टिकून राहण्याची किंमत कधीकधी शेजारचं माणूस भरतं, हेही बोलायला हवं, निदान चर्चमध्ये तरी.

मग जे आत्ता कोरडे आहेत त्यांनी काय करायचं? प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र १३ काढा, सहाच वचनं आहेत, सुरुवातीलाच चार वेळा देवाला विचारलंय की असं किती दिवस. तक्रार ही पण प्रार्थना असते आणि बायबलमध्ये ती छापून आलेली आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही. रोज तासभर जमत नसेल तर एक परिच्छेद वाचा पण उद्या परत वाचा, आणि लेवीयात अडकला असाल तर सरळ मार्ककडे जा, सोळाच अध्याय आहेत. आणि एकट्यानं करू नका, इब्री १० मध्ये एकत्र येणं सोडू नका असं जे लिहिलंय ते हजेरीसाठी नाही, एकमेकांना उत्तेजन देण्यासाठी लिहिलंय.

जे बरीच वर्षं चालत आलेत आणि आता शिकण्यासारखं काय राहिलं असं ज्यांना वाटतं त्यांनी तेच २ तीमथ्य ४ परत बघा. मी धाव संपवली, विश्वास राखला, असं लिहिणारा पौल सहा वचनांनंतर काय मागतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, आणि पुस्तकं, विशेष करून चर्मपत्रं. थंडी तोंडावर आलीय, मरण समोर दिसतंय आणि ह्या बाबाला अजून वाचायचंय!

आणि तुमच्या संगतीतलं कुणी यायचं बंद झालं असेल तर या आठवड्यात त्यांना फोन करा. का येत नाही हे विचारू नका, कसे आहात एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. बर्णबानं मार्ककडून आधी खुलासा मागितला असं कुठे लिहिलेलं नाही, त्याला घेऊन तो जहाजात बसला एवढंच लिहिलंय.

पुढच्या वेळी एलीयाकडे जाऊ, १ राजे १९ वाचून ठेवा. जय ख्रिस्त!