२,१४,७४,८३,६४७ मूळ संख्या आहे, हे हातानं कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची एसएसएलसीची पोरं एकच विचारायल्यात: कॉम्प्युटर नसताना गणिती ऑयलरनं १७७२ मध्ये एवढी संख्या मूळ आहे हे ठरवलं कसं?

मूळ संख्या म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच, पुढं जाऊ. ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. वर्गमूळ ४६,३४० आणि काहीतरी, म्हणजे त्याच्या पुढं भाजक शोधायचं कारण नाही. पण तेवढ्यातसुद्धा साडेचार हजारांवर मूळ संख्या आहेत. कोण भागत बसणार?

आता नीट बघा. समजा ‘क’ हा तिचा मूळ भाजक आहे. मग २ च्या ३१ व्या घाताला क नं भागलं की बाकी १. ३१ मूळ आहे, म्हणून त्याच्या आधीच्या कुठल्याच घाताला १ उरत नाही. फर्माचा नियम सांगतो, २ च्या (क − १) व्या घातालाही बाकी १ च. मग क − १ ला ३१ नं भाग जायलाच पाहिजे, आणि क विषम, म्हणून ६२ नं. वर आणखी एक अट: ८ नं भागल्यावर क ची बाकी १ किंवा ७ च, कारण २ चा ३२ वा घात पूर्ण वर्ग आहे आणि त्याला क नं भागलं की २ उरतात; पूर्ण वर्गाला भागल्यावर २ उरवणारी विषम मूळ संख्या नेहमी अशीच असते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवायचे. ४६,३४० पर्यंत अशा ३७३ च संख्या, त्यातल्याही कितीतरी मूळ नाहीत.

आता माझं डोकं फिरवणारी कमेंट: “सर, अटीत बसली म्हणजे भाग जातोच ना?” नाही ओ! ही चाळणी आहे. खाली पडलेलं उमेदवार, भाजक नव्हे.

८१९१ घ्या, २ चा १३ वा घात वजा १. वर्गमूळ ९० च्या आसपास. २६ च्या पटीत १: २७, ५३, ७९. आठाच्या अटीत फक्त ७९ टिकतो. ७९ गुणिले १०३ म्हणजे ८१३७, बाकी ५४. दोन्ही अटी पाळल्या, तरी भाग गेला नाही. एका भागाकारात ८१९१ मूळ!

उलट २०४७, ११ वा घात वजा १. इथं २३ उमेदवार आणि भागही जातो: २३ गुणिले ८९. घातांक ११ मूळ असूनही संख्या मूळ नाही. म्हणून “३१ मूळ, मग झालं की” असं लिहिणाऱ्यांनी आधी २०४७ बघा.

तिसऱ्यांदा सांगतो: अट मोडली तर भाजक नाही, हे पक्कं. अट पाळली तर भागाकार करूनच बघायचा.

आणि ते “२०३८ मध्ये कॉम्प्युटरची घड्याळं याच संख्येवर अडकणार” म्हणणारे: बरोबर, ३२ बिटांच्या घड्याळांचं तसंच आहे, पण ती मूळ असल्याचा तिथं काडीचा संबंध नाही.

कॅल्क्युलेटर बारा आकडी घ्या, आठ आकडीत ही संख्या मावतच नाही. भागाकारातला पूर्णांक तेवढा घ्या, भाजकानं गुणा, वजा करा. ६३, २४९ मूळ नाहीत, सोडा. ३११: बाकी ३५. त्यानंतर थेट १३०३: बाकी २२६. पुढचा १४८९. बाकी कमेंटमध्ये टाका, आणि शून्य आली तर परत भागा.