फाटकाशी उभं असलेलं माणूस

नमस्कार श्रोतेहो.

मी नागपूरला छत्रपती चौकाजवळ राहते आणि सीताबर्डीला एका बँकेत काम करते. सकाळचे डबे, मुलीचा क्लास, सासूबाईंची औषधं आणि मार्च आला की बँकेचं वर्षअखेर. "व्यायामाला वेळच मिळत नाही" हे वाक्य मी कितीतरी वर्षं म्हणत आले, आणि ते खोटं नव्हतं. तेव्हा, वेळ काढला की निघतो, असं काही मी आज तुम्हाला सांगणार नाही. ज्यांचा दिवस गच्च भरलेला आहे, त्यांच्याशीच मला बोलायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंची साखर वाढली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. एकटीनं जायला त्या कचरत होत्या. मला म्हणाल्या, "सकाळी मी फाटकाशी उभी राहते, तू ये." पहिल्याच आठवड्यात एका पहाटे डोळा उघडला तो अंगात जीव नसल्यासारखा. रात्री पाहुणे होते, झोप झाली नव्हती. खिडकीतून खाली पाहिलं, तर काकू पदर डोक्यावरून घट्ट घेऊन, एका हातानं फाटकाची सळई धरून उभ्या. वर बघत नव्हत्या, हाक मारत नव्हत्या. नुसत्या उभ्या. मी बुटांत पाय घातले आणि उतरले. कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत पोचेस्तोवर अंग मोकळं झालं होतं.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं. आधी उत्साह येईल, मग पाय निघतील, असं आपण धरून बसतो. प्रत्यक्षात पाय आधी निघतात आणि उत्साह कोपऱ्यावर भेटतो. म्हणून उत्साह कसा टिकवायचा, याचा विचार मी सोडून दिला. पाय बाहेर कसे पडतील, एवढंच बघते. रात्री बूट दाराशी काढून ठेवते, त्यात मोजे घालून. पहाटे अर्धवट झोपेत मोजे शोधण्यात पाच मिनिटं गेली, तर त्या पाच मिनिटांत अंथरूण जिंकतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर एक अभ्यास केला होता. रोजच्या ठरलेल्या एखाद्या गोष्टीला जोडून, म्हणजे समजा न्याहारीनंतर, एक नवी सवय लावून घ्यायची. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला अडीचशेच्या वर लागतील असा हिशेब निघाला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपण मात्र एक दिवस बुडाला की "गेलं सगळं" म्हणून अख्खा महिना सोडून देतो.

आता आपल्या नागपूरचं बोलू, कारण इथे नेम मोडतो तो बहुतेक हवामानामुळे. "रोज सकाळी सहाला" असं कुणी ठरवलं की मला काळजी वाटते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सहाला किर्र अंधार आणि बोचरी थंडी. मेच्या शेवटी तोच सूर्य साडेपाचलाच वर आलेला असतो, आणि सात वाजता रस्त्यावर चटके बसू लागतात. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात एकच वेळ बारा महिने चालणार कशी? आम्ही दोन वेळा ठरवल्या. होळी झाली की पाच वाजता निघायचं, दिवाळी झाली की साडेसहाला. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रखरखीत दिवसांत तर बाहेर जातच नाही. घरात कूलरसमोर बारा सूर्यनमस्कार आणि थोड्या उठबशा. कूलरमध्ये पाणी भरायचं काम मी मागून घेतलं आहे. दोन्ही हातांत बादल्या घेऊन न्हाणीघरापासून गच्चीपर्यंत चार खेपा केल्या की दंड आणि पाठ दोन्ही बोलू लागतात. झडीच्या दिवसांतही घरातलाच व्यायाम.

किती करायचं, हेही लोक विचारतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. पूर्वी निदान दहा मिनिटं सलग केलं तरच ते मोजायचं, असं होतं. २०२० च्या शिफारशींत ती अट काढून टाकली. माझ्यासारख्या बाईला हा फार मोठा दिलासा आहे. चार मिनिटांचा जिनाही आता मोजला जातो!

जिन्यावरून आठवलं. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतल्या लोकांची माहिती मांडली. बस तीच, रस्ता तोच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. त्या कंडक्टरांनी काही वेगळा वेळ काढला नव्हता. चढउतार त्यांच्या कामातच होती. मी हे वाचलं तेव्हापासून सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर सरकता जिना सोडला. शेजारून लोक उभ्या उभ्या वर जातात, मी पायऱ्या चढते. इतवारीत किराणा दुकान असलेले आमचे एक ओळखीचे भाऊ आहेत. ते दुकानाच्या किल्ल्या खिशात घेऊनच घरून निघतात, गांधीसागर तलावाच्या बाजूनं फेरी मारतात आणि तसेच जाऊन शटर उचलतात. आधी घरी परतायचं ठरवलं, की घरातलं एखादं काम अडवतंच, असं ते म्हणतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

एक मात्र आवर्जून सांगते. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, रक्तदाब किंवा साखरेची औषधं चालू असतील, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. जवळजवळ तीन आठवडे मी फाटकाशी गेलेच नाही. मग वाटू लागलं, आता कोणत्या तोंडानं जायचं? बूट दाराशी धूळ खात पडलेले. शेवटी एका पहाटे ते झटकले, मोजे घातले आणि खाली उतरले. काकू होत्याच, पदर तसाच. "काहून नाही आली वं इतके दिवस?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागल्या. मीही त्यांच्या मागून निघाले.

नमस्कार.