प्रश्न काय विचारला होता?

मित्रहो, सुरुवातीला एक प्रश्न वाचून दाखवतो. जरा सावकाश वाचतो. 'ब्रिटन सोडून सीरियातल्या लढवय्यांना जाऊन मिळणाऱ्या तरुण मुसलमानांबद्दल तुम्हाला कितपत सहानुभूती वाटते?' नोव्हेंबर 2015 मध्ये, पॅरिसच्या हल्ल्यांनंतर लगेचच, ब्रिटनमधल्या सुमारे हजार मुसलमानांना फोनवर साधारण या अर्थाचा प्रश्न विचारला गेला. 'खूप' म्हणणारे पाच टक्क्यांच्या आसपास निघाले, 'थोडीफार' म्हणणारे चौदा-पंधरा. बेरीज झाली वीस. आणि 'द सन' या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर मथळा आला: पाचांतल्या एका ब्रिटिश मुसलमानाला जिहादींबद्दल सहानुभूती.

आता प्रश्न पुन्हा आठवा. त्यात 'जिहादी' हा शब्द होता का? नव्हता. इस्लामिक स्टेटचं नाव होतं का? तेही नव्हतं. 'सीरियातले लढवय्ये' म्हणजे नेमके कोण? त्या वर्षी सीरियात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष असद यांच्या फौजा लढत होत्या, असदविरोधी गट लढत होते, इस्लामिक स्टेट लढत होती आणि तिच्याशी दोन हात करणारे कुर्दही लढत होते. शिवाय सहानुभूती कुणाबद्दल? वाट चुकलेल्या पोराबद्दल आईला वाटते ती, की त्याच्या हातातल्या बंदुकीबद्दल? हे सगळं एकाच आकड्यात कोंबलं आणि वर 'जिहादी' अशी चिठ्ठी चिकटवली. वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या 'इप्सो' या संस्थेकडे तीन हजारांवर तक्रारी गेल्या. मार्च 2016 मध्ये संस्थेने निकाल दिला की हे वृत्त लक्षणीय दिशाभूल करणारं होतं. वृत्तपत्राला तो निकाल छापावा लागला. पण चार महिन्यांनी आलेला निकाल किती जणांनी वाचला असेल? मथळा मात्र सगळ्यांनी वाचला होता.

मी बरीच वर्षं वृत्तसंपादनाच्या टेबलावर काढली आहेत, म्हणून हे मला आतून माहीत आहे. मथळ्याला सहा-सात शब्दांची जागा असते, घड्याळ पुढे सरकत असतं, आणि 'काही परिस्थितीत क्वचित' हे तीन शब्द सगळ्यात आधी कापले जातात. ते कापताना कुणाच्या मनात द्वेष असतोच असं नाही. पण त्या तीन शब्दांतच सगळं सत्य असतं.

मग मुसलमानांना धर्माच्या नावावर होणाऱ्या हिंसेबद्दल खरंच काय वाटतं? हे शोधण्याचे मोठे प्रयत्न झाले आहेत. लोकमताच्या पाहण्या करणाऱ्या प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने 2013 मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. 39 देश, 38,000 हून अधिक मुलाखती, त्याही समोरासमोर बसून. इस्लामच्या रक्षणासाठी सामान्य नागरिकांवर आत्मघाती हल्ले करणं कधी समर्थनीय ठरतं का, हा त्यातला एक प्रश्न. बहुतेक देशांत साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त मुसलमानांनी असे हल्ले अमान्य केले.

इथे थांबून मला टाळ्या नकोत, कारण त्याच अहवालात दुसरेही आकडे आहेत. असे हल्ले निदान कधीकधी समर्थनीय ठरतात असं मानणारे पॅलेस्टिनी प्रदेशात 40 टक्के होते, अफगाणिस्तानात 39, इजिप्तमध्ये 29, बांगलादेशात 26. हे आकडे लपवून 'सगळं छान आहे' म्हणणं ही सुद्धा फसवणूकच. गॅलप या लोकमत चाचण्या घेणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या एका गाजलेल्या अभ्यासाबाबत असं घडलं. 11 सप्टेंबर 2001 चा अमेरिकेवरचा हल्ला कितपत समर्थनीय होता हे मुसलमानांना पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर सांगायचं होतं. शेवटच्या पायरीवर, म्हणजे 'पूर्णपणे समर्थनीय' इथे, सुमारे 7 टक्के लोक होते आणि त्यांनाच जहाल म्हटलं गेलं. उरलेले सगळे मवाळ. त्यात चौथ्या पायरीवर उभे असलेलेही आले! टीकाकारांनी हे दाखवून दिलं आणि ते बरोबर केलं. आकडा तुमच्या बाजूने वाकवला म्हणून तो सरळ होत नाही.

पण त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि ती चर्चेत जवळपास येतच नाही. हल्ल्याचा निषेध करणाऱ्यांना कारण विचारलं, तेव्हा ते धर्माकडे वळले. निरपराध माणसाला मारणं पाप आहे, एका जिवाचा खून म्हणजे अवघ्या मानवजातीचा खून, या कुराणातल्या वचनाकडे वळले. ज्यांनी समर्थन केलं, त्यांची कारणं राजकीय होती: अमेरिकेची फौज, तिचं परराष्ट्र धोरण, आपल्यावर कुणीतरी राज्य करतंय ही भावना. म्हणजे आपण जिथे आजाराचं मूळ शोधत होतो, तिथे कित्येकांना औषध सापडत होतं. 'अधिक धार्मिक म्हणजे अधिक हिंसक' हे समीकरण आपण डोळे झाकून वापरतो. ते एवढं सोपं नाही.

मत हा काही रक्तगट नाही, ते बदलतं. जॉर्डनचं उदाहरण घ्या. प्यूच्या 2005 च्या पाहणीत तिथले 57 टक्के मुसलमान म्हणत होते की आत्मघाती हल्ले अनेकदा किंवा कधीकधी समर्थनीय ठरतात. अर्ध्याहून अधिक देश! मग 9 नोव्हेंबर 2005 ची रात्र आली. अम्मानमधल्या तीन हॉटेलांत स्फोट झाले आणि साठेक माणसं गेली. एका हॉटेलात लग्नाची मेजवानी चालू होती. नवरा-नवरी वाचले, त्यांचे वडीलधारे गेले. हल्ला अल कायदाच्या इराकी शाखेचा, आणि तिचा म्होरक्या झरकावी स्वतः जॉर्डनचाच. लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले आणि झरकावीच्या नावाने घोषणा देऊ लागले. पुढच्या वर्षीच्या पाहणीत 57 चे 29 झाले. कुराण तेच होतं, लोक तेच होते. दूर कुठेतरी होणारा 'प्रतिकार' आता आपल्या मांडवात शिरला होता. पाकिस्तानातही 2004 मध्ये 41 टक्के असलेलं हे समर्थन 2007 पर्यंत 9 टक्क्यांवर आलं. ते हल्ले तिथल्याच बाजारांत आणि मशिदींत होऊ लागले होते, याचा त्या घसरणीशी काही संबंध नसेल असं मला वाटत नाही.

एक तुलनाही सांगतो. अमेरिकेत गॅलपने वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना विचारलं आणि निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध केले. एखाद्या व्यक्तीने किंवा छोट्या गटाने नागरिकांना लक्ष्य करून मारणं कधीच समर्थनीय नाही, असं म्हणणारे मुसलमान 89 टक्के होते; प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक प्रत्येकी 71. हाच प्रश्न लष्कराबद्दल विचारला, तेव्हा 'कधीच नाही' म्हणणारे मुसलमान 78 टक्के होते आणि प्रॉटेस्टंट 38. यावरून कुठला धर्म थोर, हे ठरवायला मी आलेलो नाही. पण एकाच समाजाला हा प्रश्न विचारत राहायचा आणि बाकीच्यांना विचारायचाच नाही, या सवयीबद्दल आपण बोलायला हवं.

आता दर सभेत येणारा सवाल: 'मुसलमान निषेध का करत नाहीत?' मी मोजके दाखले देतो. 2008 मध्ये देवबंदच्या दारुल उलूममध्ये देशभरचे हजारो उलेमा, म्हणजे धर्मपंडित, जमले आणि दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं. 2010 मध्ये पाकिस्तानी धर्मपंडित ताहिर-उल-कादरी यांनी लंडनमध्ये आत्मघाती हल्ल्यांविरुद्ध काही शे पानांचा फतवा मांडला. 2014 मध्ये 126 मुस्लिम विद्वानांनी इस्लामिक स्टेटचा म्होरक्या बगदादी याला खुलं पत्र लिहून त्याचा एकेक दावा शास्त्रार्थाने खोडला. हे ऐकू का येत नाही? कारण स्फोटाला आवाज असतो, धूर असतो, चित्रफीत असते. निषेधाला एक कागद असतो. तो कागद माझ्याही टेबलावर आला आहे आणि जागा नाही म्हणून मीही तो बाजूला ठेवला आहे. त्याची बोच अजून आहे.

अमेरिकी संशोधकांनी 2006 ते 2015 या काळातले तिथले दहशतवादी हल्ले घेतले आणि वृत्तपत्रांनी त्यांना किती जागा दिली ते मोजलं. मृतांची संख्या, हल्ल्याचं लक्ष्य असे इतर घटक जमेस धरूनही, हल्लेखोर मुसलमान असला की बातम्या सरासरी 357 टक्के जास्त निघाल्या. आणि तो कोण हे कळण्याआधीच आपण ठरवलेलं असतं. 1995 साली ओक्लाहोमा सिटीत 168 माणसं मारली गेली, तेव्हा पहिल्या तासांत बोटं मध्यपूर्वेकडे वळली. करणारा निघाला टिमोथी मॅकव्हे, अमेरिकेचाच माजी सैनिक. 22 जुलै 2011 ला नॉर्वेत 77 जणांचा बळी गेला, त्याही वेळी अल कायदाचं नाव पहिल्या पानावर छापून मोकळे झालेले लोक होते. हल्लेखोर इस्लामचा कट्टर द्वेष्टा होता. उलट बाजूला 3 जुलै 2016 ची बगदाद बघा. ईदच्या खरेदीला बाहेर पडलेली तीनशेहून अधिक माणसं कर्रादा भागात मेली. मरणारे बहुतेक मुसलमान, मारणारी इस्लामिक स्टेट. त्या मेलेल्यांपैकी एकाचा तरी चेहरा तुमच्या डोळ्यांपुढे येतो का?

शेवटी एका बसबद्दल बोलतो. डिसेंबर 2015, केनियाचा ईशान्य भाग, मंडेराकडे निघालेली बस. वर्षभरापूर्वी त्याच भागात अल-शबाब या सोमालियातल्या दहशतवादी संघटनेने अशीच एक बस अडवली होती, मुसलमान नसलेले प्रवासी वेगळे काढले होते आणि 28 जणांना गोळ्या घातल्या होत्या. या वेळीही बंदूकधारी चढले आणि म्हणाले, मुसलमान एकीकडे व्हा, बाकीचे दुसरीकडे. बसमधल्या मुसलमान बायकांनी आपले हिजाब ख्रिस्ती बायकांच्या डोक्यावर घातले होते. वेगळं व्हायला कुणी तयार झालं नाही. मारायचं तर सगळ्यांना मारा, नाहीतर सगळ्यांना सोडा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हल्लेखोर अखेर निघून गेले. दोन माणसं त्यात गेली होती, पण बाकीची बस वाचली. जखमींमध्ये एक मुसलमान शिक्षक होता. त्याच्यावर नैरोबीत उपचार चालले होते, आणि महिनाभराने तो वारला.