लाल शाईखालची ओळ

(दृश्य: पत्र्याची ट्रंक, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जाड वही.)

हे मासिक छापलेलं नाही. साताऱ्यातल्या एका बोर्डिंगच्या पोरांनी १९३० च्या सुमाराला टाकाने लिहून काढलेलं हस्तलिखित. प्रत एकच, ती हातोहात फिरायची. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत ही निघाली. कसरीनं डावा कोपरा खाल्लाय, पण मुखपृष्ठावर रंगवलेला अजिंक्यतारा किल्ला शाबूत आहे. रंग ड्रॉइंगच्या तासाला ढापलेला असणार!

मुलांचं मासिक तोवर नवलाईचं राहिलं नव्हतं. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ काढलं आणि १९१४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवलं. चरित्र, कविता, निबंध, शास्त्राची माहिती, बहुतेक मजकूर एकहाती. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ आला.

पोरांना देशाचं वेड लावायचं, पण सरकारच्या डोळ्यांवर यायचं नाही, अशी ती कसरत. शिक्षण खात्याशी बांधलेलं ‘मराठी शालापत्रक’ विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या लेखणीमुळे सरकारला खुपलं आणि १८७५ मध्ये बंद पडलं. पुढे १९०७ मध्ये इंग्रज सरकारचं रिस्ले परिपत्रक निघालं: विद्यार्थी राजकारणात दिसले, तर शाळेचं अनुदान जाईल, मान्यताही जाईल. मग गुरुजी काय करणार? थोरांची चरित्रं वाचून घेत, किल्ल्यांवर निबंध घालत. पोरांना कळायचं ते कळायचंच.

(दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून.)

हा निबंध, ‘अजिंक्यताऱ्यावरील सहल’. शिदोरीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, वाटेत एकाची चप्पल तुटली, सगळं तपशिलात. मग पोरगा तटावर उभा राहतो. लिहितो, “येथून गेंडामाळ दिसतो.” आणि पुढची ओळ गायब. लाल शाईनं, पट्टी लावून, दोनदा खोडलेली.

पान उजेडात धरलं तर एकच शब्द लागतो. ‘सतरा’.

८ सप्टेंबर १८५७. गेंडामाळावर इंग्रजांनी सतरा जणांना मारलं. कुणाला फासावर चढवलं, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं. सातारकर पोरांना हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती, घरीच कुणीतरी सांगितलेलं असायचं.

खोडणाऱ्या गुरुजींना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भित्रा माणूस पान फाडून चुलीत घालतो. यांनी फक्त एक ओळ झाकली, तीही उजेडात वाचता येईल अशी. समासात बारीक अक्षरात शेरा आहे: “अक्षर सुवाच्य. वर्णन चांगले. ८/१०.”

निबंधाखाली नाव नाही, नुसतं ‘इंग्रजी चौथी’. पण ‘ळ’ची ती लांबलचक शेपटी आमच्या घरातल्या जुन्या पत्रांतून मी ओळखतो.

पान उलटलं की कोडी लागतात. ‘उत्तरे पुढील अंकी.’

तो अंक ट्रंकेत नाही.