२६० रुपयांचं ॲम्प्लिफायर कीट: पाकिटावरचे वॅट खरे किती?

(टेबलावर कीटचं पाकीट, बाजूले सोल्डरिंग आयर्न)

राम राम मंडळी. कूलर बंद करून बसलो आहे, नाईतर माईकमधी नुसती घरघर जाते, म्हून घाम दिसला तं समजून घ्या, बाहेर ४४ आहे.

तं हे पाहा पाकीट. यावर लिहिलं आहे १५ वॅट अधिक १५ वॅट, स्टिरिओ. २६० रुपयात आलं, दारव्ह्याच्या दुकानातून. भाच्याच्या कम्प्युटरले लावायले घेतलं, त्याच्याकडं जुन्या म्युझिक सिस्टीमचे दोन डब्बे पडून होते, आठ-आठ ओमचे, मशीन केव्हाची गेली पण स्पीकर टकाटक. अन् कमेंटमधी दर दुसरा पोट्टा हेच विचारते, भाऊ कोणतं कीट घेऊ, किती वॅटचं घेऊ. म्हून म्हटलं एकडाव जोडून, मोजूनच दाखवतो.

वॅटचं अगोदर सांगून देतो. तुमाले आठवत असन, आपल्याकडं डेकवर पीएमपीओ, म्हणजे फुगवून लिहिलेले वॅट, लिहून यायचे, १००० वॅट, २००० वॅट, अन् आतमधी ट्रान्सफॉर्मर पाहाल तं मुठीएवढा. आता पीएमपीओ गेलं, पण सवय गेली नाई. या कीटमधी जो आयसी आहे, टीडीए७२९७, त्याच्या डेटाशीटमधी, म्हणजे कंपनीच्या माहितीच्या कागदात, १५ वॅट खरंच आहेत, खोटं नाई. पण कधी? साडेसोळा व्होल्ट दिले, आठ ओमचा स्पीकर लावला, अन् आवाज १० टक्के फाटू दिला तेव्हा. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे लग्नाच्या मंडपातला भोंगा, शेवटच्या दिवशीचा. अन् आपण याले देतो काय, १२ व्होल्टचा ॲडाप्टर.

(क्लोजअप: कपॅसिटर)

हे पाहा, कॅमेरा जवळ आणतो. हा मोठा कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड, अन् खाली काय लिहिलं आहे, १६ व्होल्ट. पाकिटावर म्हणे १२ ते १८ व्होल्ट चालते. अरे भाऊ, १६ व्होल्टच्या कपॅसिटरले १८ द्याल तं तो दिवाळीच्या लवंगीसारखा फुटू शकते. मी तं कोणतंही कीट आलं का पहिले कपॅसिटरच वाचतो, पाकीट मागून. अन् काही पोट्टे जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावते, फुकटात आहे म्हून. या आयसीची चालायची हद्द ६ ते १८ व्होल्ट आहे. १९ वर दोन दिवस चालला म्हणजे चालते असं नाई.

जोडायले काही विशेष नाई, पाऊण तासाचं काम. आयसीच्या पायांवर ६०-४० चा सोल्डर वापरा, २५ वॅटचा आयर्न पुरते, अन् कपॅसिटरवरची पांढरी पट्टी म्हणजे मायनस, उलटा लावू नका. हीटसिंक, म्हणजे आयसीची गर्मी ओढणारा पत्रा, त्याची पेस्ट पाकिटात नव्हती, दुकानदाराले विचारलं तं म्हणे लागत नाई. लागते.

आता मोजू. यासाठी महागडं काही नाई पायजे. आठ ओमचा १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर घ्या, पांढरी वीट असते ना लहान, तो. स्पीकर काढा अन् त्याच्या जागी हा लावा, म्हणजे घरातल्या लोकांचे कान वाचते अन् स्पीकरही वाचते. मोबाईलमधी टोन जनरेटरचं फुकट ॲप टाका, १०० हर्ट्झ लावा. १०० च काहून, तं आपला स्वस्तातला मल्टिमीटर जास्त फ्रिक्वेन्सीले एसी व्होल्ट बराबर दाखवत नाई. मीटर एसीवर ठेवा अन् रेझिस्टरच्या दोन टोकाले लावा. आता व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. पाहा, ३... ४.५... ६... ६.८, अन् आता मी नॉब फिरवून राहिलो पण आकडा पयल्यासारखा पळत नाई, अडखळून राहिला. इथं ॲम्प्लिफायरचं डोकं छताले लागलं. ६.८ गुणिले ६.८, भागिले ८. पावणेसहा वॅट.

पाकिटावर १५, हातात पावणेसहा. आता चिडू नका, कारण गंमत अशी आहे का पावणेसहा पुरते. कम्प्युटरवर तुम्ही स्पीकरपासून दोन-तीन फुटावर बसता, अन् साधा ८६ डेसिबलचा स्पीकर एका वॅटमधीच एक मीटरवर कान भरून टाकते. १५ अन् पावणेसहा यात फरक फक्त चार डेसिबलचा, अन् कानाले आवाज दुप्पट वाटायले १० लागते. म्हून कमी वॅटसाठी मी याचे मार्क कापत नाई. पाकिटासाठी कापतो.

अजून एक. नॉब थोडासा फिरवला का एकदम जोरात वाजते, तं लोक म्हणते काय पॉवर आहे बे याच्यात! पॉवर नाई ते. या आयसीचं गेन आतूनच पक्कं आहे, ३२ डेसिबल, म्हणजे आलेल्या व्होल्टेजचे चाळीसपट करते. मोबाईलनं पाव व्होल्ट द्यायच्या आतच इकून पूर्ण ताकद लागून जाते, अन् बाकीचा नॉब नुसता फाडायच्या कामाचा.

ॲडाप्टरचं पाहा. पहिले मी सेट-टॉप बॉक्सचा १ अँपिअरचा लावला होता, दोन्ही बाजू जोरात वाजवल्या तं आवाज तुटक तुटक. हिशोब सोपा आहे, दोन चॅनल मिळून साडेअकरा वॅट बाहेर काढायचे तं आत जवळपास १९ वॅट जाते, म्हणजे १.६ अँपिअर. २ अँपिअरचा लावला अन् प्रकरण मिटलं.

अन् ते १९ मधून साडेअकरा गेले तं बाकी साडेसात वॅट कुठं गेले? इथं. (बोट हीटसिंकवर ठेवतो, लगेच उचलतो) ओ बाप्पा. सोल्डरिंग आयर्नच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी गर्मी या बोटाएवढ्या पत्र्यावर. डेटाशीट लिहिणारा २५ डिग्रीच्या खोलीत बसते, आपण ४४ मधी, म्हणजे अगोदरच १९ डिग्री चढून बसलो. आयसी आतून स्वतःले वाचवते, जास्त तापला का बंद पडते, थंडा झाला का चालू, पण गाणं अर्धं ऐकायचं काय? मी जुन्या कम्प्युटरच्या प्रोसेसरचा हीटसिंक लावला, भंगारात ३० रुपयाले भेटला, पंखा काढून. आता हात ठेवता येते. ॲम्प्लिफायरच्या डब्ब्याले वरून-खालून छिद्रं पाडा, अन् कूलरच्या ओल्या हवेत ठेवू नका.

माझी फजिती सांगतो. भाच्याच्या डब्ब्यांच्या वायरीत मागच्या मेकॅनिकनं दोन्ही स्पीकरचे मायनस एकत्र पिळले होते, जुन्या मशीनले ते चालायचं. मी तसंच लावलं. चालू केलं तं चूप. मले वाटलं २६० रुपये गेले. पण हा आयसी ब्रिज आहे, प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी आउटपुट आहे, मायनस म्हणजे ग्राउंड नाईच. दोन्ही एकत्र केले म्हणजे डाव्याचं आउटपुट उजव्याच्या आउटपुटवर शॉर्ट. शॉर्टचं प्रोटेक्शन आहे म्हून वाचला. चार वायरी, चारही वेगळ्या, अन् चेसिसले एकही लावायची नाई.

आता दुसरं कीट, लोक ज्याची फार तारीफ करते. दोन टीडीए२०३० आयसी, अन् १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मधल्या वायरीपासून दोन्हीकडं १२-१२ व्होल्ट. आवाज मले याचा जास्त आवडला, खालचा ठेका भरीव आहे. पण आपल्या गावात याची भानगड वेगळी आहे. दिवसा वावरातल्या मोटरी चालू असल्या का पंखा रडत रडत फिरते, अन् रात्री लोड उतरला का व्होल्टेज वर. मी माझ्या बोर्डवर रात्री अकराले २५२ पाहिले. आता पाहा, २३० वर हा ट्रान्सफॉर्मर डायोडमधून साधारण प्लस-मायनस १६ देते. २५२ वर जवळपास १८. अन् लहान ट्रान्सफॉर्मर लोड नसला का अजून वर चढते. टीडीए२०३० ची शेवटची हद्द किती? प्लस-मायनस १८. डीपीजवळ घर असन तं हा आयसी एखाद्या रात्री गुपचूप जाईन अन् तुम्ही सोल्डरिंगले दोष देत बसान. शेवटी ए असलेला टीडीए२०३०ए घ्या, त्याची हद्द २२ आहे, नाईतर ट्रान्सफॉर्मरच ९-०-९ चा घ्या.

अन् त्या आयसीची पाठ मायनस सप्लायले जोडलेली असते, हीटसिंक लोखंडी डब्ब्याले टेकला का भडका. मधात मायका टाका, स्क्रूले प्लास्टिकचा वॉशर. पहिल्यांदा चालू करतानी सिरीज बल्ब, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लाईनच्या एका वायरीत मधात बल्ब, लावूनच करा, ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब. जोरात पेटून राहिला तं हात मागं घ्या. अन् स्पीकर लावायच्या अगोदर आउटपुटवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत पायजे. तिथं सप्लायएवढे व्होल्ट दिसले तं स्पीकरची कॉइल जळन.

स्पीकरमधून हम, म्हणजे घूं-घूं आवाज येत असन तं इनपुटले शिल्डवाली वायर टाका अन् व्हॉल्यूमच्या धातूच्या अंगाले ग्राउंड द्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागते.

मी भाच्याले पहिलंच दिलं, १२ व्होल्टवालं. ॲडाप्टर असल्यानं लाईन १८० झाली का २५०, त्याले फरक पडत नाई. अन् दुसरं कारण हे... (खोलीत अंधार) घ्या. गेली लाईन. थांबा, मोबाईलचा टॉर्च लावतो.

(टॉर्चच्या उजेडात)

हा फवारणीचा पंप. याच्यात १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते, सगळ्यांच्या घरी आहे. लाल प्लसले, काळी मायनसले, मधात २ अँपिअरचा फ्यूज. ऐका. (गाणं चालू) एकही घरघर नाई, ॲडाप्टरपेक्षा साफ. हळू आवाजात अर्धा अँपिअर धरला तरी रात्र निघते.

आलो बाबा! ... बाबा आवाज देऊन राहिले, उद्या पहाटे वावरात फवारणी आहे, अन् ही बॅटरी लाईन आली का चार्जिंगले लावा लागते.