केए 28, एमएच 13

(दृश्य: सोलापूरची बाजार समिती, पहाट. कांद्याच्या गाड्या.)

थंडीतली पहाट. गाड्या एकीला एक खेटून उभ्या. नंबर प्लेटा वाचत चला: एमएच 13, एमएच 13, केए 28, पुन्हा केए 28, मग एखादी केए 32. म्हणजे विजापूर आणि गुलबर्गा. कागदावर विजयपुरा आणि कलबुर्गी झाली, पण सोलापूरच्या तोंडी अजून जुनीच नावं. गोणी उतरवताना कुणी ‘उळ्ळागड्डी’ म्हणतं, आडत्या पट्टीवर ‘कांदा’ लिहितो. कुणाचंच काही अडत नाही.

आकडे काढले तर केए 28 वाला आपल्यापेक्षा श्रीमंत राज्यातून आलाय. 2022-23 मध्ये कर्नाटकाचं दरडोई उत्पन्न 3 लाखांच्या वर, महाराष्ट्राचं अडीच लाखांच्या घरात. एकूण उत्पन्नात महाराष्ट्र देशात पहिला, पण खाणारी तोंडंही तितकीच. 2011 च्या जनगणनेत आपण 11 कोटी 24 लाख, ते 6 कोटी 11 लाख.

मग तो कांदा घेऊन इकडं का येतो? बेंगळुरू त्याला पाचशे किलोमीटरच्या पुढं, सोलापूर शंभरावर. आणि 3 लाखांचा तो आकडा बेंगळुरूनंच वर ओढलेला. कलबुर्गी जिल्हा त्यांच्या यादीत पार तळाला. आपलं तरी काय वेगळं? मुंबई, ठाणे, पुणे बाजूला काढा आणि मग सांगा महाराष्ट्र पुढारलेला!

(दृश्य: टाकळीचा पूल, भीमेचं पात्र.)

हा भीमेवरचा पूल. पलीकडं धूळखेड, कर्नाटक. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला, आणि अक्कलकोट तालुक्यातली काही गावं म्हणाली, जातो तिकडं. त्यांचं गाऱ्हाणं भाषेपेक्षा रस्त्याचं आणि पाण्याचं होतं. त्या वेळी पेट्रोलही पलीकडं चार-पाच रुपयांनी स्वस्त. पुढं जून 2024 मध्ये कर्नाटकानं इंधनावरचा कर वाढवला आणि त्या स्वस्ताईला गळती लागली.

एक गोष्ट मात्र गुलबर्ग्यानं पदरात पाडून घेतली. 2012 ची 98 वी घटनादुरुस्ती, कलम 371 जे. निजामाच्या जुन्या मुलखातल्या त्या जिल्ह्यांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत राखीव जागा. आपण मागे राहिलो, हे त्यांनी घटनेत लिहून घेतलं! विजापूर त्यात नाही. ते निजामाचं नव्हतं. आणि सोलापूर? आपण पडलो पश्चिम महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगलीच्या पंगतीत. नाव पुढारलेल्यांत, त्यामुळं अनुशेषाची चर्चा निघाली की विदर्भ-मराठवाड्याचं बोलणं होतं, आणि सोलापूर आपलं बंद गिरण्यांची नावं मोजत बसतं: जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. टॉवेलचे माग चालू आहेत, पण पोरगा मागावर बसावा असं मागवाल्यालाही वाटत नाही.

(दृश्य: सोलापूर स्टेशन, सकाळी साडेसहा.)

हुतात्मा एक्सप्रेस पुण्याला निघते. दारात उभी असलेली पोरं विशीतली, पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात आईनं दिलेली शेंगाचटणीची पिशवी. याच स्टेशनावरून उद्यान एक्सप्रेस गुलबर्ग्यावरून बेंगळुरूला जाते. तिच्या दारातही हीच वयं, फक्त चटणीची पिशवी गुलबर्ग्याला चढते.