मिलीव्होल्ट ते गिगाव्होल्ट : दशांश चिन्ह नेमकं कुठे सरकतं

(पडद्यावर: ईसीजीची पट्टी. सुरुवातीची चौकोनी खूण जवळून.)

ईसीजीच्या पट्टीवर एक चौकोनी खूण असते, १० मिलिमीटर उंच. कागदावरची एवढी उंची म्हणजे १ मिलीव्होल्ट, असं ती सांगते. हृदयात उमटलेला विद्युत ठोका त्वचेपर्यंत पोचतो तेव्हा त्यातला जेमतेम इतकाच उरलेला असतो.

आता हीच मोजपट्टी चीनमधल्या चांगजी ते गुचुआन या वीजवाहिनीला लावू. तिथे जमिनीच्या तुलनेत तारेवर ११०० किलोव्होल्ट असतात. मिलीव्होल्टमध्ये सांगायचं तर १ अब्ज १० कोटी. दर मिलीव्होल्टला १० मिलिमीटर दिले, तर आलेख ११,००० किलोमीटर उंच जाईल. ती वाहिनी स्वतः ३,००० किलोमीटरहून थोडीच लांब आहे.

(पडद्यावर: उभी शिडी. पायऱ्यांवर एककं आणि त्यांचे आकडे.)

या दोन टोकांमध्ये ये-जा करायला सात आकडे पुरतात. नॅनो उणे ९, मायक्रो उणे ६, मिली उणे ३, नुसता व्होल्ट शून्य, किलो ३, मेगा ६, गिगा ९. ज्या एककातून निघायचं त्याच्या आकड्यातून, ज्या एककात जायचं त्याचा आकडा वजा करा. उत्तर धन आलं तर दशांश चिन्ह तितकी घरं उजवीकडे, ऋण आलं तर डावीकडे.

२५० मायक्रोव्होल्टचे किलोव्होल्ट करू. उणे ६ वजा ३, म्हणजे उणे ९. नऊ घरं डावीकडे गेलो की ०.००००००२५ किलोव्होल्ट. मोठ्या एककात गेलो, तर आकडा लहान व्हायलाच हवा. उलट झालं असेल, तर वजाबाकी उलटी झाली आहे.

आपल्या मोजणीत हजारानंतर स्वल्पविराम दोन-दोन घरांनी पडतो, ही शिडी मात्र तीन-तीन घरांनी चढते. म्हणून लाखाला स्वतःची पायरी नाही. १ लाख व्होल्ट म्हणजे १०० किलोव्होल्ट, १० लाख म्हणजे १ मेगाव्होल्ट, १०० कोटी म्हणजे १ गिगाव्होल्ट. रूपांतर करताना शून्यं तीन-तीनच्या गटातच मांडावीत.

(पडद्यावर: लहान आणि मोठा एम शेजारी-शेजारी.)

खरे घोळ गणितात नसतात, अक्षरांत असतात. लहान लिपीतला एम मिलीचा, मोठ्या लिपीतला मेगाचा. दोघांत नऊ घरांचं, म्हणजे १०० कोटी पटींचं अंतर. मायक्रोचं ग्रीक अक्षर म्यू याहून फसवं आहे. जुन्या फाइलींमध्ये ते पुष्कळदा चिन्हांच्या खास फाँटमधला लहान एम म्हणून टाइप केलेलं असतं. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, फाँट सापडला नाही, की म्यू जातो आणि एम उरतो. मायक्रोव्होल्टचा मिलीव्होल्ट होतो, हजार पटींची चूक, आणि पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत राहतं. अहवालात एककाचं पूर्ण नाव लिहिणं हाच भरवशाचा उपाय.

मोजमापाची यंत्रं आकडा पूर्णांकात साठवतात, तिथेही एककाची निवड महागात पडू शकते. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त, म्हणजे धन-ऋण दोन्ही साठवणाऱ्या पूर्णांकात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. एकक नॅनोव्होल्ट ठेवलं, तर २.१४७ व्होल्टलाच जागा संपते. पुढचा आकडा बहुतेक वेळा ऋण होऊन दिसतो. दीड व्होल्टच्या सेलवर तपासलेला प्रोग्राम ९ व्होल्टच्या बॅटरीवर बिघडतो तो असा. मायक्रोव्होल्टवर आलो तर मर्यादा २,१४७ व्होल्टपर्यंत जाते. ६४ बिट घेतले, तर नॅनोव्होल्ट ठेवूनही ९.२२ गिगाव्होल्टपर्यंत चिंता नाही.

(पडद्यावर: टर्मिनलच्या स्क्रूखालची तांब्याची काळवंडलेली तार, अगदी जवळून.)

लहान टोकाला रूपांतर बरोबर असूनही उत्तर चुकतं. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानमापक. के प्रकारच्या थर्मोकपलचं एक टोक ० अंशांवर आणि दुसरं १०० अंश सेल्सिअसवर ठेवलं, की ४.०९६ मिलीव्होल्ट मिळतात. दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. भागाकाराआधी दोन्ही एकाच एककात आणायचे: ४,०९६ भागिले ४१, सुमारे ९९.९ अंश. इथवर ठीक.

आता ही तार पाहा. प्रत्येक जोड स्वतःचं थोडं व्होल्टेज तयार करतो. स्वच्छ तांब्यावर स्वच्छ तांबं घट्ट दाबलं, तर जोडाच्या तापमानातल्या दर अंश फरकाला ०.२ मायक्रोव्होल्टहून कमी. तांबं आणि सोल्डर असेल तर १ ते ३. पण तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर चढला, की हाच आकडा १,००० मायक्रोव्होल्टच्या घरात जातो. दोन टर्मिनलांच्या तापमानात अर्ध्या अंशाचा फरक पडला, पंख्याचा वारा एकाच बाजूला लागला तरी तो पडतो, तर ५०० मायक्रोव्होल्ट जास्तीचे आले. थर्मोकपलच्या भाषेत १२ अंश!

म्हणून तार खरवडून लखलखीत करा, स्क्रू पक्का आवळा, दोन्ही जोड शेजारी ठेवून झाका आणि तापमान स्थिरावू द्या. मग एकदा सरळ आणि एकदा तारा उलट करून मोजा. सरळ ४२ मायक्रोव्होल्ट आणि उलट उणे ३६ आले, तर दुसरा आकडा पहिल्यातून वजा करून निम्मा करा. खरं व्होल्टेज ३९, मीटरच्या बाजूच्या जोडांची भर ३.

(पडद्यावर: उच्च दाबाचा प्रोब, शेजारी मल्टिमीटर.)

मोठ्या टोकाला मीटर थेट लावताच येत नाही, मध्ये विभाजक लागतो, म्हणजे व्होल्टेजचा ठरावीक लहान हिस्साच मीटरकडे देणारी रोधांची जोडी. १,००० ला १ या प्रमाणाच्या प्रोबमध्ये मीटरवरचा व्होल्ट किलोव्होल्ट म्हणून वाचायचा: २५ किलोव्होल्टला २५ व्होल्ट. सोयीचं आहे, पण त्यात मीटर स्वतः भागीदार असतो. प्रोबमध्ये वर सुमारे १,००० मेगाओहम, खाली १.११ मेगाओहम आणि त्याला समांतर मीटरचे १० मेगाओहम धरले, की खालचा भाग बरोबर १ मेगाओहम होतो. तोच प्रोब १ मेगाओहमच्या ऑसिलोस्कोपला, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राला लावला, तर खाली जेमतेम ०.५३ मेगाओहम उरतात. २५ किलोव्होल्ट असताना पडद्यावर १३ दिसतात. ही चूक जिवाशी खेळणारी आहे, कारण आकडा धोका निम्म्यावर आणून दाखवतो. प्रोबची जमिनीची तार आधी जोडायची आणि सगळ्यात शेवटी काढायची.

एसीमध्ये आणखी एक पेच आहे. ७६५ किलोव्होल्टची वाहिनी म्हणजे दोन फेजमधलं, म्हणजे दोन तारांमधलं आरएमएस मूल्य, सतत बदलणाऱ्या व्होल्टेजची एक प्रकारची सरासरी. एका तारेचं जमिनीच्या तुलनेतलं व्होल्टेज हवं असेल तर १.७३२ ने भागा, ४४२ किलोव्होल्ट. त्याचं शिखर हवं असेल तर १.४१४ ने गुणा, ६२५. एकक तेच, उपसर्ग तोच, तरी तीन वेगळे आकडे, आणि इन्सुलेशनला शिखर सोसावं लागतं.

(पडद्यावर: वादळी ढग.)

गिगाव्होल्टही निसर्गात सापडतो. १ डिसेंबर २०१४ ला उटीवरून गेलेल्या गडगडाटी ढगातलं व्होल्टेज तिथल्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी, त्या किरणांतून तयार होणाऱ्या म्यूऑन कणांच्या मोजणीवरून काढलं: सुमारे १.३ गिगाव्होल्ट. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नॅनोव्होल्टमध्ये हा आकडा १३ वर १७ शून्यं. ती सगळी शून्यं रूपांतराने आणलेली आहेत, मोजलेले अंक फक्त दोन. म्हणून इतक्या मोठ्या उड्या दहाच्या घातात लिहाव्यात: १.३ गुणिले दहाचा अठरावा घात.

(पडद्यावर: बोटाच्या पेराएवढी चिप, सोनेरी संपर्कपट्ट्या.)

व्होल्टचं प्रमाण मात्र लहान टोकाकडून बांधलं जातं. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये भाकीत केलेल्या परिणामानुसार, दोन अतिवाहकांमधल्या (रोधाशिवाय वीज वाहणाऱ्या पदार्थांमधल्या) अतिशीत जोडावर ७५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडल्या की त्याच्यावर सुमारे १५५ मायक्रोव्होल्टची नेमकी पायरी उभी राहते. दर जोडाची एकच पायरी वापरून १० व्होल्ट उभे करायचे, तर असे साधारण ६४,५०० जोड एकापुढे एक लागतात. या हिशेबातला स्थिरांक २० मे २०१९ ला नव्याने ठरला, आणि १० व्होल्टच्या प्रमाणाचा आकडा सुमारे १ मायक्रोव्होल्टने वाढला. हातातल्या मल्टिमीटरला याचा पत्ताही लागत नाही. पण प्रयोगशाळेत त्या तारखेच्या अलीकडचं आणि पलीकडचं मोजमाप दहा लाखांत एका भागाहून बारीक ताडून पाहायचं असेल, तर जुन्या नोंदीत हा १ मायक्रोव्होल्ट मिळवावा लागतो.